चवदार तळ्याभोवतीची शांत फेरी

मार्च उजाडला की असोद्याच्या आमच्या वसतिगृहात महाडचा पाठ होतो. यंदा सहावीतल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, आपल्या माणसांनी मार खाल्ला, तो दिवस आपण का पाळायचा?" त्याला दिलेले उत्तर आम्ही माजी विद्यार्थी व पालक यांच्यासाठीही येथे मांडत आहोत.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. हक्क कागदावर होता, ओंजळीत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह हजारो लोक मिरवणुकीने गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर, हे आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार, अशी अफवा उठली. परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. कित्येकांना मुसलमान कुटुंबांनी आसरा दिला. आपल्या बाजूला लष्करात नोकरी केलेले गडी होते. प्रतिकार अशक्य नव्हता. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. अंगावरचे वळ बुजतात, हा अपमान बुजणारा नव्हता.

म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात लोक पुन्हा महाडला जमले. २५ डिसेंबरच्या मनुस्मृतिदहनाची आठवण सर्वांना असते. आम्हांला मात्र २७ तारीख अधिक शिकवण्यासारखी वाटते. काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. सत्याग्रहाला हजारो लोक सज्ज होते. तरीही, आपला झगडा सरकारशी नाही, हे सांगून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करवला. मग सारे शिस्तीने गावातून निघाले आणि तळ्याभोवती शांतपणे फेरी घालून परतले. नऊ महिन्यांपूर्वी ज्या गावात मार खाल्ला, त्याच गावातून ते चालत होते. पाणी हाताच्या अंतरावर होते आणि कोणी ओंजळ भरली नाही.

मुलांना हे पटवणे कठीण जाते. "मग हरलो का?" असेही विचारतात. तेव्हा आम्ही अर्जेंटिनाच्या मातांची हकिकत सांगतो. लष्करी राजवटीने त्यांची मुले नाहीशी केली होती. ३० एप्रिल १९७७ रोजी त्या ब्युनोस आयर्समधील प्लाझा दे मायो या चौकात प्रथम जमल्या. घोळक्याने उभे राहू नका, असे पोलिसांनी दरडावले. तेव्हा त्या चालू लागल्या. पुढे दर गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून त्या चौकात फेरी घालत राहिल्या. हरवलेल्या लेकरांचा हिशेब मागण्याची त्यांची तीच रीत होती.

महाडचा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी ३१ जुलैला बाबासाहेब एका खटल्यासाठी आपल्या खानदेशात, धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. तेथे दरवर्षी आपली गर्दी लोटते. डीजेच्या दणक्यात आजोबांचे बोलणे नातवाला ऐकू येत नाही, एवढी आमची तक्रार आहे.

त्या मुलाने वहीत दोन्ही तारखा लिहून घेतल्या, २० मार्च आणि २७ डिसेंबर. दुसरीच्या खाली त्याने रेघ ओढली आहे.