‘कनेक्शन खाजगी नाही’ : दोष शोधावा कसा?

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपण्यास तीन दिवस उरले असताना आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचा मला दूरध्वनी आला. “दादा, मोबाइलवर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असे येते. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तेच संकेतस्थळ नीट उघडते. ‘पुढे जा’ दाबू का?” अर्जात आधार क्रमांक, बँक खाते, जातीचा दाखला असे सारेच द्यायचे होते. मी तिला थांबावयास सांगितले. हा प्रश्न पुष्कळ पालकांनाही पडत असल्यामुळे त्या दिवशीचा शोध येथे मांडतो.

सुरक्षित संकेतस्थळ पाठवलेला मजकूर कूटबद्ध करते आणि आपली ओळख प्रमाणपत्राने पटवून देते. ओळख पटली नाही, तर कूटबद्धतेला अर्थ नाही. भामट्याशी केलेले संभाषणही कूटबद्ध असू शकते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर सही असते मध्यस्थ प्रमाणपत्राची आणि मध्यस्थावर मूळ प्रमाणपत्राची. मूळ प्रमाणपत्रे आपल्या यंत्रात आधीच साठवलेली असतात. मधला दुवा मात्र संकेतस्थळाने स्वतः सोबत पाठवावयाचा असतो.

ही साखळी उलगडून पाहण्यासाठी ‘ओपनएसएसएल’ हा मुक्त संच उपयोगी पडतो. त्यातील ‘एस_क्लायंट’ या आज्ञेला ‘कनेक्ट’ या पर्यायासह संकेतस्थळाचे नाव व ४४३ हा पोर्ट क्रमांक द्यावा. ‘शोसर्ट्स’ हा पर्याय जोडला की सर्व्हरने पाठवलेली सर्व प्रमाणपत्रे दिसतात. मी तसे केले. एकच प्रमाणपत्र आले, आणि शेवटी ‘व्हेरिफाय रिटर्न कोड’ २१ असा आला, म्हणजे पहिल्याच प्रमाणपत्राची खातरजमा होऊ शकली नाही. मधला दुवा पाठवलाच गेला नव्हता! लॅपटॉपवरील ब्राउझरने तो स्वतः मिळवून साखळी पूर्ण केली होती, मोबाइलने केली नव्हती. लॅपटॉपवरील तपासणी खरीच होती. म्हणून तेथून अर्ज भरण्यास मी तिला निःशंकपणे सांगितले.

हा क्रमांक १० असता, तर मुदत संपली असे समजावे. अशा वेळी आधी आपल्याच यंत्राचे घड्याळ पाहावे. चुकीच्या तारखेमुळेही हा दोष दिसतो. १८ आला तर प्रमाणपत्रावर स्वतःचीच सही आहे. शून्य आला म्हणजे सर्व ठीक, असे मात्र नव्हे. नवशिके येथेच फसतात. ही आज्ञा आपणहून नाव जुळवत नाही. त्यासाठी ‘व्हेरिफाय_होस्टनेम’ हा पर्याय द्यावा लागतो. शिवाय खातरजमा फसली तरी ती जोडणी तोडत नाही, त्यामुळे ‘कनेक्टेड’ या शब्दावर विसंबू नये.

दोष दरवेळी सर्व्हरचाच असतो असेही नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची प्रमाणपत्रे वापरणारी संकेतस्थळे निर्दोष होती, तरी ओपनएसएसएल १.०.२ वर चालणाऱ्या अनेक यंत्रांनी ती नाकारली. नवे मूळ प्रमाणपत्र संग्रहात असूनही ती आवृत्ती जुन्याच वाटेने जात असे. जुने मूळ संग्रहातून काढून टाकले की काम सुरळीत होई.

आमच्या प्रकरणी उपाय सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्याच हाती होता : प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये स्वतःच्या प्रमाणपत्राखाली मध्यस्थ प्रमाणपत्र जोडावे आणि सर्व्हरला ती फाइल पुन्हा वाचावयास लावावे. हे दुसरे पाऊल अनेकदा राहून जाते. फाइल नवी असते आणि सर्व्हर जुनीच दाखवीत बसतो. ज्या मुलांकडे केवळ मोबाइल आहे त्यांनी अर्ज कोठून भरावा, असे विचारून मी आज्ञेचे फलित त्या कार्यालयाला ई-मेलने कळवले. उत्तर आले नाही. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी तीच आज्ञा पुन्हा दिली, तेव्हा दोन प्रमाणपत्रे आली.