शितावरून भाताची परीक्षा

चुलीवरचा भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी सगळे पातेले उपशीत नाही. पळीने एक शीत काढून ती ते बोटांनी चेपते, आणि तेवढ्यावरून साऱ्या भाताचा निर्णय देते. पेणच्या बाजारात तांदूळ घेणारे जाणते गिऱ्हाईक मात्र पोत्याच्या तोंडचे दाणे पाहून समाधान मानीत नाही. ते हात खोल घालून मधले व तळाचे दाणे बाहेर काढते. असे का बरे? भात एकाच आधणात, एकाच आचेवर शिजतो. त्यातील एक शीत दुसऱ्यासारखेच असते. पोत्याचे तसे नाही. विकणाऱ्याने चांगला माल वर ठेवला असेल, तर वरची मूठ खोटी साक्ष देते.

मुलांनो, धान्याच्या जागी माणसे आली म्हणजे हा प्रश्न फार गंभीर होतो. समजा, पेण तालुक्यातील एका गावात १०० घरे आहेत. त्यांपैकी ७० रस्त्यालगत गावठाणात आहेत आणि ३० डोंगरावरच्या कातकरी व ठाकर वाड्यांत. घरोघर पोटभर अन्न मिळते की नाही याची चौकशी करावयाची आहे. पण सवड दहाच घरांपुरती आहे. चौकशीस आलेला गृहस्थ रस्त्यालगतच्या दहा घरी जाऊन परतला, तर वाडीतील चूल पेटली की नाही हे त्याच्या कागदावर कधीच उमटणार नाही. त्याच्या मनात कपट असेल असे मुळीच नाही. सोयीची वाट माणसाला नकळत ओढून नेते, एवढेच.

यावर उपाय चिठ्ठ्यांचा. प्रत्येक घराला क्रमांक द्यावा, १ ते १०० अशा सारख्या चिठ्ठ्या मडक्यात घालून चांगल्या हलवाव्या, आणि न पाहता एक काढावी. ती वाडीतील घराची असण्याची संभाव्यता शंभरात तीस, म्हणजे ३/१० होय. अशा दहा चिठ्ठ्या काढल्या, तर वाडीच्या बहुधा तीनच्या आसपास निघतील. नेमक्या तीनच निघतील असे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू नये! कधी दोन निघतील, कधी पाच. एकही न निघणे अशक्य नाही. परंतु गणित केले असता असा प्रसंग शंभर खेपांत सुमारे दोनदाच येतो. दहांऐवजी वीस चिठ्ठ्या काढल्या, तर तो दहा हजार खेपांत सुमारे तीनदा येतो. चिठ्ठ्या केवळ दुप्पट झाल्या. वाडी विसरली जाण्याचे भय मात्र सुमारे पंचाहत्तर पटींनी घटले. सत्तर साधे आणि तीस चुन्याचे ठिपके दिलेले चिंचोके पिशवीत घालून तुम्हांला याचा पडताळा सहज पाहता येईल.

हे तत्त्व साऱ्या देशाच्या कामी आले, आणि त्या कार्याशी रोह्याचा संबंध आहे. चिंतामणराव देशमुख यांचे बालपण कुंडलिका नदीकाठच्या रोह्यात गेले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० साली भारताचे अर्थमंत्री. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कलकत्त्यास स्थापन केलेल्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचेही ते अनेक वर्षे अध्यक्ष होते. त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात, १९५० सालीच, राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. देशात खेडी साडेपाच लाखांहून अधिक. पहिल्या फेरीसाठी निवडली गेली ती अवघी १,८३३! लोक काय खातात, काय पिकवितात, कशावर खर्च करतात, हे या मूठभर खेड्यांवरून अजमावयाचे होते. मूठ लहान होती, पण ती पोत्याच्या तोंडची नव्हती.

आता आपल्या गावातील चौकशीकडे पुन्हा वळू. चिठ्ठीत वाडीचे घर निघाले की चौकशी करणाऱ्याला डोंगर चढावाच लागतो. श्रावणाची झड लागली आहे, वाट निसरडी आहे, म्हणून त्याने त्याऐवजी गावठाणातील घर गाठले, तर ती चिठ्ठी काढलीच नव्हती असे होते.