सकस अन्न आणि सकाळची घाई : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता चौथी व पाचवी, दोन तासिका)



कुडाळ शहराला लागून असलेले पिंगुळी हे गाव कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी यांमुळे सर्वांस परिचित आहे. आज मात्र आपण त्या गावाकडे निराळ्या दृष्टीने पाहणार आहोत. पूर्वी येथील चूल शेतीच्या वेळापत्रकावर चालत असे. आता ती एसटीच्या, आगगाडीच्या, काजूच्या कारखान्याच्या आणि कचेरीच्या वेळापत्रकावर चालते. आई सकाळी लवकर घराबाहेर पडते, वडीलही पडतात. मग मुलाच्या हातात बिस्किटांचा पुडा किंवा कुरकुरीत तळलेल्या पदार्थाचे पाकीट येते. यात आईबापांचा आळस नसतो. वेळेची ओढाताण असते. कारण विचारले तर मूल सरळ सांगते, "गुरुजी, आवशीक येळच गावना नाय." प्रस्तुत पाठ या एका वाक्याचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

१. शिक्षकाने प्रथम समजून घ्यावयाचे

सकस अन्न म्हणजे ज्यावर कोणताही संस्कार झालेला नाही असे अन्न, अशी समजूत करून घेऊ नये. भात उकडणे, आमसुले वाळविणे, पीठ आंबविणे, कुळीथ भाजून दळणे हे सर्व संस्कारच होत. परंतु त्यांनी अन्नाचे सत्त्व राखले जाते किंवा वाढते. ब्राझिलमधील कार्लोस मोंतेरो या संशोधकांनी २००९ साली अन्नाची वर्गवारी करताना हाच भेद पुढे मांडला. त्यांचा आक्षेप प्रामुख्याने अशा पदार्थांवर आहे की, जे घरच्या स्वयंपाकघरात सहसा नसणाऱ्या द्रव्यांपासून कारखान्यात तयार होतात आणि ज्यांत साखर, मीठ व स्निग्धांश यांची रेलचेल असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांतही असे पदार्थ कमी करावेत असे म्हटले आहे.

उकड्या तांदळाचे उदाहरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. गेल्या शतकाआधीच्या शतकात, १८९० नंतरच्या दशकात, जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन या डच वैद्याने पाहिले की, पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा न काढलेला तांदूळ दिल्यास त्या सुधारतात. माणसांतील बेरीबेरी या रोगाचे मूळ या निरीक्षणातून उलगडत गेले आणि आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. तांदळाच्या वरच्या थरात ब-१ हे जीवनसत्त्व असते. गिरणीत तो थर निघून जातो. परंतु भात आधी भिजवून उकडला म्हणजे त्या जीवनसत्त्वाचा बराच अंश दाण्याच्या आत उतरतो आणि मागाहून सडले तरी टिकतो. आपल्या वाडवडिलांना जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते, तरी उकड्या तांदळाची पेज पिऊन ते दिवसभर नांगर धरीत. ज्या पेजेला आज काही घरांत गरिबीचे अन्न म्हणून नाक मुरडले जाते, तिचा हा मान मुलांना अवश्य कळावा.

२. परिसरातील चार साक्षीदार

पाठाच्या वेळी पुढील जिन्नस वाटीतून वर्गात आणावेत : नाचणी, कुळीथ, काळे वाटाणे व आमसुले. मुलांनी ते हाताळावेत, हुंगावेत आणि घरी त्यांचे काय काय करतात ते सांगावे.

नाचणी : १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम चुना म्हणजे कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमही नसते. हाडे व दात यांच्या वाढीस हे द्रव्य लागते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, त्या धान्यांत आपली नाचणीही आहे.

कुळीथ : १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. भाजून भरडलेल्या कुळथाचे पीठ घरात असले म्हणजे पिठी पंधरा मिनिटांत होते. अर्धी वाटी पीठ, चार वाट्या पाणी, लसूण-मिरचीची फोडणी व दोन-तीन आमसुले एवढ्यात चार माणसांचे कालवण साधते. पाकिटातील शेवया शिजविण्यासही जवळजवळ इतकाच वेळ लागतो, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

काळे वाटाणे : गोकुळाष्टमीस आपल्याकडे आंबोळ्या, काळ्या वाटाण्यांचे सांबार आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी करण्याची रीत आहे. धान्यात जे प्रथिनांश उणे असतात ते कडधान्यात असतात, आणि कडधान्यात जे उणे ते धान्यात. पाल्यातून लोह व इतर क्षार मिळतात. सणाचे हे ताट म्हणजे समतोल आहाराचा तयार नमुनाच होय.

आमसुले : बाजारच्या रंगीत पेयाऐवजी आमसुलाचे पाणी, चवीपुरते मीठ व जिरे घालून दिले तर साखर टळते आणि तहानही भागते.

३. वेळेचा हिशोब

हा पाठाचा गाभा होय. वेळ नाही हे खरे आहे. म्हणून वेळ कोठून आणावयाचा हे पाहिले पाहिजे. बहुतेक सकस पदार्थांना वेळ लागतो तो भिजण्याचा, आंबण्याचा व मंद शिजण्याचा. त्या वेळी माणसाने चुलीपाशी बसण्याची आवश्यकता नसते. ही गोष्ट मुलांना नीट समजली म्हणजे अर्धे काम झाले. फळ्यावर पुढील तक्ता लिहावा :

वर्षातून एकदा (वैशाखात) : आमसुले, वाळविलेल्या आठळ्या, खारातले गरे, सुकी मासळी. ही पावसाळ्याची बेगमी.
महिन्यातून एकदा : कुळीथ व नाचणी दळून ठेवणे.
आदल्या रात्री, दहा मिनिटे : कडधान्य भिजविणे, आंबोळीचे पीठ कालवून ठेवणे, भाजी निवडून ठेवणे.
सकाळी, अर्धा तास : एकीकडे पेज चढविणे, दुसरीकडे आंबोळ्या किंवा घावणे काढणे, भिजलेले वाटाणे कुकरात लावणे.
सायंकाळी : सकाळचे सांबार पुन्हा चांगले उकळून घेणे, ताजा भात किंवा भाकरी, सोबत पिठी.

सुकी मासळी सकस असली तरी तीत मीठ फार असते. ती धुऊन घ्यावी आणि कालवणात वरून मीठ बेताने घालावे. दिवसभरात एका माणसास सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नसावे. दमट हवेत बुरशी धरलेला कोणताही जिन्नस धुऊन वापरू नये, टाकूनच द्यावा.

तक्त्यातील प्रत्येक कामापुढे, ते घरात कोण करते, हे मुलांना विचारावे. बहुतेक ठिकाणी 'आई' असेच उत्तर येईल. मग विचारावे की, वाटाणे भिजत घालण्यास किती वर्षांचे वय लागते? पाला निवडण्यास मुलगीच असावी लागते काय? वडिलांच्या हातून आंबोळी उलटत नाही काय? घरात चार माणसे असून काम एकट्या व्यक्तीवर असेल, तर वेळ अपुरा पडणारच. भागाकाराचे हे गणित मुले चटकन सोडवितात.

४. एक सावधानता

वर्गात सर्वांसमक्ष डबे तपासू नयेत. प्रस्तुत लेखकाकडून ही चूक एकदा झाली आहे. पाकिटातील खाऊ कोणी आणला आहे, असे त्याने भर वर्गात विचारले. एका मुलीने हात वर केला आणि मान खाली घातली. पुढे आठ दिवस तिने डबा उघडलाच नाही. तिची आई दिवस उजाडण्यापूर्वी कामावर जात असे, हे मागाहून कळले. आहाराचा पाठ शिकवून एका मुलाला उपाशी ठेवणे याहून मोठा पराभव कोणता? मुलाचे अन्न म्हणजे त्याच्या घराची अब्रू असते. म्हणून पाकिटाची निंदा न करता पेजेची थोरवी सांगावी.

शाळेतील दुपारचे भोजन हे या कामी आपले मोठे साधन आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही राष्ट्रीय योजना सुरू झाली. २०२१ साली तिला प्रधानमंत्री पोषण शक्ति निर्माण असे नाव मिळाले. पहिली ते पाचवीच्या मुलास या भोजनातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. एका वेळची काळजी अशा रीतीने शाळा वाहते. सकाळ व रात्र घराकडे राहते. शाळेत शिजलेल्या उसळीची मुलाला गोडी लागली, तर तीच उसळ ते घरी मागेल.

५. उपक्रम

(अ) गणिताशी समवाय : १०० ग्रॅम नाचणीत ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम, तर ५० ग्रॅमच्या भाकरीपुरत्या पिठात किती? ५० ग्रॅम कुळीथ चौघांत वाटले तर प्रत्येकास किती प्रथिने?

(आ) वाचनाशी समवाय : रिकामी पाकिटे जमवून त्यांवरील घटकांची यादी वाचावी. ज्या घटकाचे वजन सर्वांत अधिक तो प्रथम छापावा, असा नियम आहे. पहिल्या तीन नावांत साखर किंवा तेल किती वेळा येते ते मोजावे. टीका मुलांनी स्वतः करावी. आपण मौन राखावे.

(इ) कलेशी समवाय : चित्रकथीत एकामागून एक चित्र पुढे धरून कथा सांगितली जाते. त्याच पद्धतीने मुलांनी एका कुळथाच्या दाण्याची कथा, शेतापासून पानापर्यंत, सात-आठ चित्रांत काढून सांगावी. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना या लोककलेसाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, हेही या निमित्ताने सांगता येईल.

(ई) गृहपाठ : आज रात्री घरी एक काम आपण होऊन करावयाचे. मूठभर कडधान्य निवडून, धुऊन, पाण्यात भिजत घालावयाचे.

हा शेवटचा उपक्रम अगदी लहान दिसतो. परंतु सर्व पाठाचे फळ त्यात आहे. सकाळी घाईघाईने उठलेल्या आईला ओट्यावर टपोरे भिजलेले वाटाणे दिसतील, तेव्हा तिची तेवढी चिंता कमी झालेली असेल. आपला पाठ त्या घरापर्यंत पोहोचल्याची खूण ती हीच.