मीठ, मूत्रपिंड आणि पेशींची दारे

आपल्याकडे पान मांडले की आधी मीठ वाढतात. खाल्ल्या मिठाला जागावे, ही तर आपल्या भाषेचीच शिकवण. अशा या मिठाविषयी डॉक्टर जेव्हा घरातील वडील माणसांस सांगतात की, "रक्तदाब वाढला आहे, मीठ कमी करा," तेव्हा पुष्कळांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो. जिभेला चव आणणाऱ्या चिमूटभर मिठाचा रक्तवाहिन्यांतील दाबाशी संबंध काय? गेल्या साठ-सत्तर वर्षांत शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा माग अगदी पेशीच्या आवरणापर्यंत काढला आहे. त्यांना काय आढळले, ते न्यासाच्या सभासदांस व त्यांच्या कुटुंबियांस सोप्या शब्दांत सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम मूत्रपिंडाचे काम पाहू. आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. या गाळलेल्या द्रवात जवळजवळ दीड किलो मीठ असते. एवढे मीठ रोज लघवीवाटे निघून गेले, तर मनुष्य एक दिवसही तग धरणार नाही. म्हणून मूत्रपिंडातील बारीक नलिका त्यातील शेकडा ९९ भागांहून अधिक मीठ परत रक्तात घेतात. यातील बहुतेक काम नलिकेच्या आरंभीच्या भागांत उरकते. उरलेल्या अगदी थोड्या मिठाचा निकाल मात्र नलिकेच्या शेवटच्या भागात लागतो. किती ठेवावयाचे आणि किती सोडावयाचे, हे तेथे ठरते. जमाखर्चाच्या वहीत शेवटच्या ओळीला जे महत्त्व, तेच येथे या शेवटच्या भागाला.

या भागातील पेशींच्या नलिकेकडील अंगाला सोडियमसाठी खास दारे असतात. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचे संयुग. त्यातील सोडियम या दारांतून पेशीत शिरतो. दार अल्फा, बीटा आणि गॅमा अशा तीन प्रथिनांचे मिळून बनलेले असते, आणि त्याची वाट इतकी अरुंद असते की आकाराने मोठा असलेला पोटॅशियम तिच्यातून जाऊ शकत नाही. पेशीच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे रक्ताकडे, एक पंप अहोरात्र चालू असतो. तो सोडियमचे तीन कण बाहेर ढकलतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी १९५७ साली दाखवून दिला व त्याबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका अंगाने दार आणि दुसऱ्या अंगाने पंप, अशा रीतीने सोडियम नलिकेतून रक्तात पोहोचतो.

आता रक्तदाबाचा संबंध ध्यानात येईल. जेथे मीठ जाते तेथे त्याच्या पाठोपाठ पाणी जाते. मीठ अधिक राहिले की पाणी अधिक राहते, रक्ताचे आकारमान वाढते आणि वाहिन्यांतील दाब चढतो. म्हणजे नलिकेच्या शेवटच्या भागात किती दारे उघडी आहेत, यावर आपला रक्तदाब काही अंशी अवलंबून असतो.

मग दारांची संख्या कोण ठरवतो? मूत्रपिंडाच्या माथ्यावर अधिवृक्क नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्यातून अल्डोस्टेरोन नावाचे संप्रेरक स्रवते. १९५३ साली ते प्रथम वेगळे काढण्यात आले. शरीरात मीठ कमी पडले की अल्डोस्टेरोन वाढते आणि पेशी अधिक दारे बसवतात. मीठ भरपूर झाले की ते घटते आणि दारे कमी होतात.

परंतु दारे कमी होतात म्हणजे नेमके काय होते? वाड्याचे दार एकदा बसवले की पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तसे हे दार नव्हे. पेशी दारे सतत बसवीत असते आणि सतत काढीतही असते. त्यासाठी पेशीत 'नेड ४-२' नावाचे एक प्रथिन असते. ते दाराच्या आतल्या बाजूस लोंबणारे शेपूट पकडते आणि त्या दारावर युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाची खूण लावते. जंगल खात्याचा मनुष्य तोडावयाच्या झाडावर खूण करतो, तशीच ही खूण. खूण झालेले दार आवरणातून आत ओढले जाते आणि मोडीत निघते. अल्डोस्टेरोन वाढते, तेव्हा ते या खूण करणाऱ्यालाच काही काळ आवरून धरवते. त्यामुळे दारे अधिक वेळ जागेवर राहतात.

ही काढून टाकण्याची व्यवस्था बिघडली तर काय होते, हे एका कुटुंबाने जगाला शिकवले. १९६३ साली अमेरिकेतील ग्रँट लिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. तरुण वयातच त्या भावंडांचा रक्तदाब फार चढलेला होता आणि रक्तातील पोटॅशियम उतरलेले होते. लक्षणे सारी अल्डोस्टेरोन वाढल्याची. तपासणी केली तो ते संप्रेरक जवळजवळ नव्हतेच! त्या संप्रेरकाचा प्रभाव रोखणाऱ्या औषधाचा काही उपयोग झाला नाही. नलिकेतील सोडियमचे शोषण थेट अडवणारे दुसरे औषध दिल्यावर मात्र गुण आला. पुढे त्यांच्यातील एका रुग्णास दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवावे लागले, आणि रक्तदाब ताळ्यावर आला. दोष मूत्रपिंडातच होता, हे यावरून स्पष्ट झाले.

उलगडा १९९४ साली झाला. या विकाराच्या रुग्णांत सोडियमच्या दारातील बीटा प्रथिनाचे शेपूट जन्मतःच तुटलेले आढळले. १९९६ साली नेड प्रथिन नेमके त्याच शेपटाला धरते, हे दिसून आले. शेपूटच नाही, तर खूण करणारा पकडणार कशाला? दारे निघत नाहीत, साठत जातात, आणि संप्रेरकाचा आदेश नसतानाही मीठ आत येत राहते. एवढ्याशा तुटीने उभ्या देहाचा रक्तदाब चढतो.

लिडल यांच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार दुर्मिळ आहे. वाचकांपैकी बहुतेकांचा वाढलेला रक्तदाब या कारणाचा नसणार. तरीही त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, रक्तदाब म्हणजे केवळ चिंता किंवा तापट स्वभाव, ही समजूत सोडली पाहिजे. घरात विशी-तिशीतच रक्तदाब वाढण्याचा किंवा कमी वयात पक्षाघात होण्याचा इतिहास असेल, तर तो डॉक्टरांस आवर्जून सांगावा. दुसरी अशी की, एकाच्या गोळ्या दुसऱ्याने घेऊ नयेत. वर सांगितलेल्या भावंडांची लक्षणे एका रोगाची होती आणि उपाय निराळा निघाला. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही.

निरोगी माणसाच्या पेशी अधिक मीठ आले की दारे कमी करतात, हे खरे. पण रोज लोणचे, पापड, फरसाण, चिवडा यांचा मारा चालू राहिला, तर पुष्कळांच्या मूत्रपिंडांस तो भार पेलत नाही. वय वाढते तसा अधिकच जड होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सुमारे एक चहाचा चमचा, मीठ पुरे असे सांगितले आहे. यात भाजी-आमटीतले, पिठात मळलेले आणि बाजारच्या पदार्थांतले सारे मीठ धरावयाचे असते. सैंधव घेतले म्हणून हिशेब बदलत नाही; तेही मुख्यतः सोडियमचेच मीठ. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेले असते. ते अनेकांस हितकर ठरते. पण ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत किंवा ज्यांना पोटॅशियम राखणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून ते घेऊ नये.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तो मोजल्यावाचून कळत नाही. तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने निदान वर्षातून एकदा तो मोजून घ्यावा, चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि घरातील गृहिणीने व गृहस्थाने मिळून महिन्याला मिठाची पिशवी किती दिवस पुरते याचा एकदा हिशेब करावा. चार माणसांच्या घरात किलोभर मीठ पन्नास दिवसांच्या आत संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्यास ५ ग्रॅमांहून अधिक मीठ जात आहे, असे समजावे. पेशी आपल्या दारांचा चोख हिशेब ठेवतात. आपणही आपल्या मिठाचा ठेवावा, अशी आमची सर्व कुटुंबांस आग्रहाची विनंती आहे.