फळीवरची लाल गोळी

वस्तीत ज्या घरी सून गरोदर आहे, त्या घरी फळीवर डब्यामागे लाल गोळ्यांची पाकिटं पडलेली आम्हाला हमखास दिसतात. आशाताई देऊन जाते, सून चार दिवस घेते. मग मळमळ होते, शौचाला काळं होतं आणि सासूबाई म्हणतात, "राहू दे गं, बाळ काळं होईल." आत्याबाई, बाळाच्या रंगाशी या गोळीचा काही संबंध नाही. शौचाला काळं होतं ते न जिरलेल्या लोहामुळे.

या गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. त्यातल्या फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्या परळची आहे. 1928 साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, त्यांना धाप लागे, कित्येक दगावत. विल्स यांनी हाफकिन संस्थेत त्यांचं रक्त तपासलं, आणि या बाया खातात काय तेही विचारलं. ताज्या पालेभाज्या आणि फळं ताटात नावालाच होती. तसंच निकस खाणं माकडांना दिलं, तर त्यांचंही रक्त कमी झालं. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर ते भरून आलं. बायांनाही तोच गुण आला. 1931 मध्ये त्यांनी हे छापलं. अर्कातलं नेमकं द्रव्य कोणतं, हे मात्र कळायचं होतं. 1941 मध्ये ते पालकातून वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड.

त्याच 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार बायांना बाळंतपणाचा भत्ता देणाऱ्या विधेयकाची बाजू मांडली. 1929 मध्ये तो कायदा झाला. पोटुशी बाई उपाशी राबते, हा प्रश्न दवाखान्यात आणि कौन्सिलात एकाच वेळी पोचला होता.

पुढे 1991 मध्ये सात देशांतल्या पाहणीचा निकाल आला. ज्या आयांचं आधीचं मूल मेंदूच्या किंवा कण्याच्या व्यंगाचं होतं, त्यांना दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका सुमारे 72 टक्के घटला. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांच्या आत मिटते. तेव्हा कित्येकींना पाळी चुकल्याचंही उमगलेलं नसतं. म्हणून मूल हवं असेल तर आधीपासूनच आशाताईला फॉलिकची गोळी मागा. आधीचं मूल तसं असेल तर डोस मोठा लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.

चौथा महिना लागला की रोज एक लाल गोळी, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढीच. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्या. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. लिंबू पिळलेलं चालेल. पालेभाजी उकडून पाणी ओतून देऊ नका, फॉलिक त्यातच जातं.

गरोदरपणी हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी. 7 च्या खाली असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर गोळ्यांवर भागवू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. आणि पाकिटं उरली असतील तर सोबत घेऊन जा, लपवू नका. डॉक्टर रागावतील, पण किती गोळ्या पोटात गेल्या ते त्यांना कळायला हवं.