मुंबई ते वाराणसी : अंतर, वारा आणि घड्याळ

काशीचे गागाभट्ट १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आले, त्या काळी असा प्रवास कोसांनी व मुक्कामांनी मोजला जात असे. आज मुंबईहून सुटलेले विमान सुमारे दोन तासांत वाराणसीजवळच्या बाबतपूर विमानतळावर उतरते. या दोन स्थळांमधील हवाई अंतर विद्यार्थ्यास घरबसल्या काढता येईल.

मुंबईचा विमानतळ १९.१ अंश उत्तर अक्षांशावर व ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे, बाबतपूर २५.५ व ८२.९ अंशांवर. म्हणजे अक्षांशांत ६.४ अंशांचा आणि रेखांशांत १० अंशांचा फरक पडतो. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर भरतो. म्हणून उत्तरेकडील अंतर ७१० किलोमीटर होते. रेखावृत्ते मात्र ध्रुवाकडे जाताना परस्परांजवळ येतात. या दोन स्थळांच्या मधल्या अक्षांशावर रेखांशाचा अंश १०३ किलोमीटरच उरतो. पूर्वेकडील अंतर १०३०. या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मानल्या, तर कर्ण सुमारे १२५० किलोमीटर येतो. लोहमार्गाने हेच अंतर सुमारे १५०० किलोमीटर पडते. पृथ्वी गोल असल्याने ही रीत काटेकोर नव्हे. मुंबई-लंडनसारख्या लांब पल्ल्यास ती लावू नये; तेथे बृहद्‌वृत्ताचे गणितच करावे लागते.

वेळेचा हिशेब इतका सरळ नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंच थरांतून पश्चिमेकडून वेगवान वारे वाहतात. विमानाचा हवेतील वेग ताशी ८०० किलोमीटर व मार्गाच्या दिशेने वाऱ्याचा वेग १०० किलोमीटर धरल्यास जाताना ८३ मिनिटे लागतील, येताना १०७. एकूण १९० मिनिटे. वारा नसता तर १८७ किंवा १८८ मिनिटे पुरली असती. जाताना मिळालेला लाभ परतीच्या तोट्यास पुरत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे व उतरणे यांची मिनिटे निराळीच.

आता घड्याळाकडे वळू. पृथ्वी १ अंश फिरण्यास ४ मिनिटे घेते. म्हणून वाराणसीचा मध्यान्ह मुंबईच्या मध्यान्हापूर्वी सुमारे ४० मिनिटे येतो. तरीही दोन्हीकडे घड्याळे एकच वेळ दाखवितात. भारतीय प्रमाणवेळ ज्या ८२.५ अंशांच्या रेखावृत्तावरून ठरते, ते वाराणसीच्या शेजारील मिर्झापूरजवळून जाते. ही वेळ १९०६ साली सुरू झाली; परंतु मुंबईने आपली निराळी, ३९ मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. त्या काळातील प्रवाशास घड्याळाचे काटे हलवावे लागत.

सूर्य अर्थातच प्रमाणवेळ पाळीत नाही. एखादी तिथी काशीच्या सूर्योदयानंतर, पण मुंबईच्या सूर्योदयापूर्वी संपली, तर सूर्योदयाची तिथी दोन्ही नगरांत भिन्न ठरते. काशीतील मराठी घराण्यांनी महाराष्ट्रातून पंचांग मागविले, तर त्यातील सूर्योदय तेथे लागू पडत नाही. तो स्थानिक रेखांश व अक्षांश घेऊन पुन्हा काढावा लागतो.