उताऱ्यावरचा वर्तुळातला आकडा

दोन वर्षांपूर्वी वादळाने आमच्या गावाकडची केळी आडवी झाली. पुढे मदतीची यादी लागली. तीत वडिलांचे नाव होते, धाकट्या काकांचे होते. मधल्या काकांचे मात्र नव्हते. वास्तविक शेत एकच, सामाईक. काका विचारायला गेले तेव्हा खिडकीतून उत्तर मिळाले, "यादी संगणकाने काढली आहे. तुमचे नाव त्यात नाही." का नाही, ते कुणालाच सांगता येईना. दीपनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये त्या रात्री यावर बराच खल झाला.

यादी संगणकाने काढली म्हणजे काय झाले? १९७० साली एडगर कॉड यांनी असा विचार मांडला की, माहिती तक्त्यांत ठेवावी, विचारणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगावे आणि ते कसे शोधायचे हे यंत्रावर सोडावे. सोय मोठीच. पण 'कसे' यंत्रावर सोपवले की 'का' हेही त्याच्याच पोटात राहते. आपल्या हाती नुसती यादी येते.

या बाबतीत आपला जुना सातबारा अधिक शहाणा म्हटला पाहिजे. हस्तलिखित उताऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असे. तो फेरफाराचा क्रमांक. तो घेऊन गाव नमुना ६ उघडला, की हे नाव खरेदीने लागले, वारसाने लागले की वाटणीने, ते कळते. म्हणजे उत्तराशेजारीच त्याच्या कारणाचा पत्ता लिहिलेला!

संगणकशास्त्रात हाच प्रश्न पीटर ब्युनमन, संजीव खन्ना आणि वांग-च्यू तान यांनी २००१ साली नीट मांडला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: उत्तरातली ओळ कोणत्या नोंदींमुळे आली, आणि तिच्यातला एखादा शब्द नेमका कोठून उतरवला गेला. २००७ साली ग्रीन, कार्वोनाराकिस आणि टॅनन यांनी याला चक्क बीजगणिताचे रूप दिले. आम्हा कलाशाखेच्या मंडळींनी घाबरू नये. शाळेतली बेरीज आणि गुणाकार पुरेसा आहे.

समजा, केळी लावलेल्या खातेदारांची नावे हवी आहेत. एकाचे दोन गट आहेत. पहिल्या गटाची मालकीची नोंद 'क' आणि पिकाची 'ख'. दुसऱ्याची 'ग' आणि 'घ'. मालकी आणि पीक दोन्ही हवेत, म्हणून गुणाकार. दोहोंपैकी कोणताही गट चालेल, म्हणून बेरीज. त्याच्या नावापुढे यंत्राने लिहावे: क×ख + ग×घ. उद्या 'ख' ही नोंद खोटी ठरली, तर तिच्या जागी शून्य घालावे. पहिले पद गेले, दुसरे उरले, नाव कायम. 'घ'देखील खोटी निघाली तर सारेच शून्य, नाव गळाले. सगळी यादी नव्याने काढण्याची गरज नाही.

काकांचा प्रश्न मात्र उलटा होता: नाव का *आले नाही*? जे उत्तरात नाहीच त्याचा माग काढणे अधिक कठीण. चॅपमन आणि जगदीश यांनी २००९ साली याच प्रश्नावर निबंध लिहिला. गाळणीच्या कोणत्या पायरीवर ती ओळ गळाली, हे ते शोधतात.

आमच्याकडे ते काम वडिलांनी केले. छापील उताऱ्यावर आजोबांच्या वारसांची दोनच नावे होती, पण फेरफाराचा क्रमांक शाबूत होता. त्यावरून जुनी नोंदवही काढली. तीत तिघा भावांची नावे स्वच्छ लिहिलेली. संगणकात उतरवताना मधले सुटले होते. महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करता येते. तसा अर्ज केला.

अर्थात मूळ फेरफारच चुकीचा असता तर हा माग आम्हाला चुकीपर्यंतच घेऊन गेला असता. नोंद कोठून आली एवढेच तो सांगतो, ती खरी की खोटी ते नाही. सातबाराही मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, असे न्यायालये सांगत आली आहेत.

काकांचे नाव आता उताऱ्यावर लागले आहे. दुरुस्तीचाही फेरफार झाला, त्यामुळे नावापुढे नवा क्रमांक आहे. मदतीच्या यादीचे अजून काही कळलेले नाही.